पहिलं बाळंतपण पुण्यात की माहेरी? हॉस्पिटलच्या आधी सोबत ठरव

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर तुला लगेच कळेल. पहिलं बाळंतपण, २२ आठवडे झालेत. राहायला पुण्यात वाकडला, दोघांची आयटीतली नोकरी, नवऱ्याच्या पाळ्या बदलत्या. माहेर बीड जिल्ह्यात, केज तालुक्यातल्या गावात. आई म्हणते सातव्यात ये, पण घरात अंथरुणाला खिळलेली आजी आणि शेतीचा व्याप, त्यामुळे ती स्वतः पुण्यात पंधरा दिवसांपेक्षा जास्त राहू शकत नाही. सासर साताऱ्याचं, सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यांना तिसरा मजला चढवत नाही. ऑफिसातल्या मैत्रिणींची एकापाठोपाठ एक सिझर झाली, म्हणून तू धास्तावली आहेस. तू विचारतेस, पुण्यात नॉर्मलची खात्री देणारं हॉस्पिटल कोणतं? की घरीच, पाण्यात वगैरे प्रसूती करता येईल? आणि बाळ झाल्यावर इथे माझं कोणीच नाही, त्याचं काय?

वयाने माझ्या मुलीएवढी असशील, म्हणून ‘तू’ म्हणते. मी डॉक्टर नाही. नर्सिंग करून प्रसूती विभागात लागले, आधी सरकारी रुग्णालयात, मग खासगीत. लेबररूमची इनचार्ज सिस्टर म्हणून बरीच वर्षं काढली आणि आता गरोदर बायकांचे वर्ग घेते. तुझी फाईल मी पाहिलेली नाही, त्यामुळे तुझ्या प्रकृतीबद्दल शेवटचा शब्द तुझ्या डॉक्टरांचा.

तू तीन प्रश्न वेगवेगळे विचारलेस. मला तो एकच प्रश्न दिसतो: कळा सुरू होतील तेव्हा आणि त्यानंतरच्या सव्वा महिन्यात तुझ्याजवळ कोण असेल? याचं उत्तर मिळालं की बाळंतपण कुठे करायचं ते ठरवणं सोपं जातं. आधी हॉस्पिटल ठरवून मग माणसं शोधायला गेलं की ओढाताण होते, हे मी सतत पाहत आले आहे.

खात्रीचं आधी बोलू. नॉर्मलची खात्री कोणी देत असेल तर तिथे जाऊ नकोस. कळा सुरू झाल्यावर बाळाचे ठोके कसे राहतील, डोकं नीट फिरून खाली सरकेल का, गर्भाशयाचं तोंड कसं उघडत जाईल, हे आधी कोणालाही सांगता येत नाही. जो खात्री देतो तो एक तर तुला बरं वाटावं म्हणून बोलतो, नाही तर गरज पडल्यावरही सिझरला उशीर करतो. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा फार वाईट. वेळेवर झालेल्या सिझरमुळे वाचलेली कितीतरी बाळं मी हातात घेतली आहेत, आयाही वाचलेल्या पाहिल्या आहेत.

पण तुझी भीती निराधार आहे असं मी म्हणणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातली २१.५ टक्के बाळंतपणं सिझरने झाली होती, महाराष्ट्रात २५.४ टक्के. देशभरातल्या खासगी रुग्णालयांचा आकडा ४७.४ टक्के आणि सरकारींचा १४.३. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये म्हटलं होतं, की एखाद्या लोकसंख्येत सिझरचं प्रमाण १० टक्क्यांच्या पुढे गेलं की त्यामुळे माता आणि नवजात बाळांचे मृत्यू आणखी कमी होताना दिसत नाहीत. हे आकडे वाचताना एक सांभाळायचं. सरकारी आकडा कमी असण्यामागे सगळीकडे चांगलीच पद्धत आहे असं नाही. काही ठिकाणी भूल देणारे डॉक्टरच नसतात आणि बाईला पुढे पाठवावं लागतं. खासगीत स्वतःहून सिझर मागणाऱ्या बायकाही असतात, मुहूर्त काढून येणारी कुटुंबंही असतात. म्हणजे नुसतं ‘खासगी’ किंवा ‘सरकारी’ या पाटीवरून ठरवता येत नाही. त्या ठिकाणी थांबायची तयारी आणि थांबण्याची व्यवस्था आहे का, हे बघायचं.

ते कळतं कसं? डॉक्टरांना ‘तुमच्याकडे सिझर किती होतात’ असं विचारलंस तर दोन्हीकडून संकोच होतो आणि उत्तर गोलगोल मिळतं. मी माझ्या वर्गातल्या बायकांना वेगळ्या पद्धतीने विचारायला सांगते. ‘डॉक्टर, सगळं ठीक असेल तर कळा आपोआप येण्याची तुम्ही किती दिवस वाट पाहता? मी रात्री दोनला आले तर मला कोण तपासेल? बाळाचे ठोके कोण आणि किती वेळाने ऐकेल? भूलतज्ज्ञ किती मिनिटांत पोचतात? रक्ताची गरज पडली तर कुठून येतं? कळांमध्ये मला फिरता येईल का, पाणी पिता येईल का? माझ्याबरोबर एक माणूस आत थांबेल का?’ उत्तर काय येतं याइतकंच ते कसं येतं याकडे लक्ष दे. शांतपणे, ‘आमच्याकडे रात्री अमुक डॉक्टर असतात, तमुक सिस्टर असतात’ असं नेमकं सांगणारं ठिकाण चांगलं. ‘ते सगळं आमच्यावर सोडा’ असं म्हणणारं ठिकाण कितीही चकचकीत असलं तरी मी दुसरीकडे चौकशी करेन. रात्रीचा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. कळा घड्याळ बघून येत नाहीत, आणि रात्री लेबररूममध्ये अनुभवी सिस्टर आहे का यावर तुझं बाळंतपण कसं होईल हे बरंच अवलंबून असतं.

सिझर सांगितलं गेलं तर कारण विचारायचा तुला हक्क आहे. बाळाचे ठोके उतरतात आणि वर येत नाहीत, तोंड पूर्ण उघडूनही डोकं खाली येत नाही, वार (प्लासेंटा) गर्भाशयाच्या तोंडावर आहे, बीपी आवरत नाही, बाळ आडवं आहे, ही कारणं ऐकलीस तर वेळ घालवू नकोस. ‘गळ्याभोवती नाळेचा एक वेढा आहे’ किंवा ‘तारीख कालच उलटली’ एवढंच कारण असेल तर मात्र पुढे विचार. नाळेचा सैल वेढा पुष्कळ बाळांना असतो आणि ती बाळं नॉर्मल होतात. ‘ठोके कसे आहेत? आणखी थोडं थांबलो तर बाळाला काय धोका?’ एवढं विचारलं की चांगले डॉक्टर समजावून सांगतात.

पहिलटकरणीच्या बाबतीत एक गोष्ट फार होते: घाईने भरती. कळा सुरू झाल्या की घरचे घाबरतात, बाईला रात्रीच नेतात. तेव्हा तोंड जेमतेम दोन बोटं उघडलेलं असतं. मग ती कॉटवर पडून राहते, दर तासाला नातेवाईक विचारतात ‘अजून किती वेळ?’, सलाईनमधून कळांचं औषध सुरू होतं, बाई थकते, आणि सकाळी घरातलंच कोणीतरी म्हणतं, ‘पोरीला एवढा त्रास नको, सिझर करून टाका.’ कितीतरी सिझर डॉक्टरांच्या आधी व्हरांड्यात ठरलेली मी पाहिली आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार कळांचा खरा जोराचा टप्पा तोंड ५ सेंटीमीटर उघडल्यावर सुरू होतो. त्याआधीचा काळ किती लांबेल याला ठरावीक मर्यादा नाही, आणि ‘तासाला एक सेंटीमीटर उघडलंच पाहिजे’ ही जुनी फूटपट्टी त्यांनी बाजूला ठेवली आहे. म्हणून प्रकृती ठीक असेल, हॉस्पिटल जवळ असेल, तर सुरुवातीच्या कळा घरी काढायच्या. फिरायचं, गरम पाण्याने अंघोळ करायची, पेज-वरणभात खायचा, जमेल तेव्हा डुलकी घ्यायची. कळा दर पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या अशा तासभर येत राहिल्या की निघायचं. पण पाणी गेलं, रक्त दिसलं, बाळाची हालचाल कमी झाली, डोकं भयंकर दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, किंवा ३७ आठवड्यांच्या आधीच कळा सुरू झाल्या, तर एक क्षणही थांबायचं नाही.

घरच्या प्रसूतीबद्दल. शांत जागा, ओळखीची माणसं, आपल्या मर्जीने हलता येणं, ही तुझी ओढ मला समजते. पण तुझ्यासाठी मी घराला हो म्हणणार नाही. इंग्लंडमध्ये प्रशिक्षित मिडवाइफ घरी येऊन प्रसूती करतात आणि हॉस्पिटलशी त्यांची पक्की साखळी असते. तिथल्या २०११ सालच्या मोठ्या अभ्यासात घरी बाळंतपण ठरवलेल्या पहिलटकरणींपैकी सुमारे ४५ टक्के जणींना कळांदरम्यान किंवा लगेच नंतर हॉस्पिटलात हलवावं लागलं. पहिलटकरणींच्या बाळांना गंभीर इजा किंवा मृत्यूचं प्रमाणही घरी जास्त दिसलं: हॉस्पिटलात हजारी ५.३, घरी ९.३. इतकी व्यवस्था असूनही हे. आपल्याकडे ती साखळी नाही. केंद्र सरकारने २०१८ मध्ये मिडवाइफरी सेवेच्या सूचना काढल्या, नर्सेसना दीड वर्षाचं प्रशिक्षण देऊन हॉस्पिटलातच त्यांनी चालवलेले प्रसूतीकक्ष उभे करायचे अशी ती योजना आहे. ते वाढलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. तोवर तुला घरासारखं जे हवंय त्यातलं बरंचसं हॉस्पिटलातच मागून घे: फिरण्याची मोकळीक, उकिडवं किंवा कुशीवर होऊन जोर देणं, सरसकट टाक्यांचा छेद न घेणं, बाळ सुखरूप असेल तर लगेच तुझ्या उघड्या छातीवर ठेवणं, नाळ किमान मिनिटभर थांबून कापणं. यातली एकही मागणी लाडाची नाही, सगळ्या जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच २०१८ च्या सूचनांत आहेत. कमरेतून दिलं जाणारं वेदनाशामक इंजेक्शन (एपिड्युरल) घ्यावंसं वाटलं तर तेही बिनदिक्कत घे. त्याने सिझर वाढत नाही. शेवटचा टप्पा थोडा लांबू शकतो एवढंच.

आता सोबतीकडे येते. कळांच्या पूर्ण काळात एक माणूस सतत जवळ असेल तर काय फरक पडतो, यावर जगभरातले दोन डझनांहून जास्त अभ्यास एकत्र करून पाहिले गेले आहेत, पंधरा हजारांहून जास्त बायकांचे. सोबत असलेल्यांच्या कळा थोड्या कमी वेळ चालल्या, सिझर कमी झाली, आणि बाळंतपणाचा अनुभव वाईट होता असं कमी जणींनी सांगितलं. लेबररूममध्ये उभी राहून मी हेच पाहत होते. सोबतीने करायचं काय? कळ आली की कमरेवर तळव्याने दाब द्यायचा. दोन कळांच्या मध्ये घोटभर पाणी. दर दोन तासांनी लघवीची आठवण, भरलेलं मूत्राशय बाळाची वाट अडवतं. ‘ही कळ गेली, आता सैल सोड’ एवढंच शांत आवाजात. आणि बाहेरचे फोन स्वतःकडे घ्यायचे.

ही सोबत आईच असली पाहिजे असं नाही. लेकीच्या वेदना बघून रडू फुटणारी आई आत असली की लेक स्वतःचं दुखणं सोडून आईला सांभाळत बसते. केंद्र सरकारने २०१६ मध्येच सरकारी रुग्णालयांत सोबतीला परवानगी देण्याच्या सूचना काढल्या आहेत, पण गर्दीच्या लेबररूममध्ये एकाच हॉलमध्ये चार-पाच बायका असतात, तिथे पुरुषाला आत घेणं अवघड जातं. म्हणून सोबतीसाठी एक बाईमाणूस ठरवून ठेव, खासगीत नवरा आत येऊ शकत असला तरी.

तू दोन गोष्टी जाता जाता लिहिल्यास. माझ्या दृष्टीने तुझ्या प्रश्नातल्या सगळ्यांत वजनदार त्याच आहेत. पहिली, तुझी मावशी अंबाजोगाईत राहते आणि अंगणवाडी सेविका म्हणून निवृत्त झाली. दुसरी, मागच्या सोनोग्राफीत ‘वार थोडी खाली’ असं लिहिलंय.

वारेचं आधी. विसाव्या आठवड्याच्या आसपास वार खाली दिसणं बऱ्याच जणींना होतं. गर्भाशय वाढतं तशी ती बहुतेकींच्या बाबतीत वर सरकते. ३२ आठवड्यांच्या सुमाराला पुन्हा पाहायचं, तेव्हाही खाली असेल तर ३६ ला. तोंडापासून ती २ सेंटीमीटरपेक्षा दूर गेली तर काळजी मिटली. तोंड झाकलेलंच राहिलं तर सिझर करावंच लागतं, आणि ते रक्तपेढी व नवजात अतिदक्षता विभाग असलेल्या मोठ्या ठिकाणीच. तोपर्यंत जरासं जरी रक्त दिसलं, पोटात दुखत नसलं तरी, लगेच हॉस्पिटल गाठायचं. म्हणजे ३२ आठवड्यांच्या सोनोग्राफीपर्यंत तुझा निर्णय उघडाच राहणार आहे. आत्ता कुठलंही पॅकेज घेऊन पैसे भरू नकोस.

वार वर गेली, बीपी-साखर-हिमोग्लोबिन ठीक आहे असं धरून सांगते. तुझ्या जागी मी असते तर माहेरी गेले असते, पण गावात राहून वाट पाहिली नसती. शेवटचे दोन-तीन आठवडे मावशीकडे अंबाजोगाईत. तिथे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, म्हणजे मध्यरात्रीही शस्त्रक्रियेची सोय हाताशी. खासगी प्रसूतिगृहंही आहेत, तिथे वर सांगितलेले प्रश्न विचार. सरकारीत गेलीस तर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली बाळंतपण, सिझर लागलं तर तेही, औषधं, तपासण्या आणि जेवण मोफत असतं. गाडीसाठी १०२ आणि १०८ हे नंबर. गर्दी, गोंगाट आणि कमी आडोसा याची मनाची तयारी ठेवावी लागेल. आणि मावशी सोबत म्हणून आत थांबेल. जिने गावभरच्या गरोदर बायकांची नोंद ठेवली, बाळांची वजनं केली, ती लेबररूममध्ये रडत बसणार नाही. तिला आत्ताच विचार. ऐनवेळी गृहीत धरू नकोस.

या बेतात दोन अडचणी आहेत, त्या लपवत नाही. एक म्हणजे रजा. कायद्याने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, पण प्रसूतीआधी घेतलेले आठवडे त्यातूनच वजा होतात. सातव्याच्या शेवटी रजा टाकून निघालीस तर बाळासाठी जेमतेम चार महिनेच उरतात. ऑफिसशी आत्ताच बोल, ३७-३८ आठवड्यांपर्यंत माहेरून काम करता येईल का बघ. दुसरी म्हणजे डॉक्टर बदलणं. म्हणून डोहाळजेवणाला जाशील तेव्हाच तिथल्या डॉक्टरांना एकदा दाखवून ये, नाव नोंदव, नंतर ३२ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान कायमची जा. फाईल, सगळ्या सोनोग्राफीचे रिपोर्ट, रक्तगट आणि माता-बाल संरक्षण कार्ड जवळच ठेव. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली तज्ज्ञांकडून मोफत तपासणी असते, ओळख करून घ्यायला तो दिवस बरा.

वार खालीच राहिली, किंवा बीपी वाढलं, तर हा बेत रद्द. मग पुण्यातच मोठ्या हॉस्पिटलात नाव घालायचं, आईने तिचे पंधरा दिवस बाळंतपणाच्या वेळी न वापरता तू घरी आल्यावर वापरायचे, आणि टाके भरून प्रवास झेपेल असं झालं की आईबरोबर माहेरी.

बाळंतपणानंतरच्या सव्वा महिन्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण बायका या काळाची तयारी करत नाहीत. आपल्या रीतीतलं जे उत्तम आहे ते म्हणजे बाळंतिणीला कोणीतरी आयतं ताट देतं, तिचं अंग चोळतं, तिला झोपू देतं. डिंकाचे-मेथीचे लाडू, अळिवाची खीर, बाजरीची भाकरी, सगळं खा. पण बंद खोलीत शेगडी आणि धुरी नको, तो धूर बाळाच्या छातीत जातो. ‘पाणी कमी पी, पोट सुटेल’ हे ऐकू नकोस. अंगावर पाजणाऱ्या बाईला तहान लागेल तेवढं पाणी हवंच. पहिला पिवळसर चीक पिळून टाकायचा नाही, तो तासाभराच्या आत बाळाच्या तोंडात गेला पाहिजे. मध, गुटी, साखरेचं पाणी, काजळ, नाकात-कानात तेल, नाळेवर काहीही, हे सगळं वर्ज्य. आता गोची अशी, की ओल्या बाळंतिणीने आजीशी वाद घालायचा तरी कसा? तू घालूच नकोस. आईशी आत्ताच बोल, आणि घरी येणाऱ्या आशाताईकडून ते वदवून घे. बाहेरच्या जाणत्या बाईचं ऐकलं जातं.

आशाताई दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येऊन बाळाला बघते. या भेटींची मुळं आपल्याच गडचिरोलीत आहेत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली आणि त्या गावांतले नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. तो अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे देशाच्या कार्यक्रमाचा पाया बनला. म्हणून शिकलेल्या, शहरात राहणाऱ्या मुली ‘आशाताई कशाला?’ म्हणतात तेव्हा मला वाईट वाटतं. गावच्या आशाताईकडे आणि वाकडच्या भागातल्या आशाताईकडे, दोन्हीकडे नोंद कर.

भिंतीवर एक कागद चिकटव, घरातल्या सगळ्यांना दिसेल असा. तासाभरात पॅड भिजणं, ताप, प्रचंड डोकेदुखी आणि धूसर दिसणं, एकाच पायाला सूज आणि ठणका, धाप. यातलं काही झालं तर बाळंतिणीला लगेच दवाखान्यात. बाळ ओढत नाही, सुस्त पडलंय, अंग गार किंवा तापलेलं, तळवे-तळपाय पिवळे, श्वास भराभर, झटके; तर बाळाला लगेच. बीपीचा त्रास बाळंतपण झालं म्हणून संपत नाही, नंतरच्या सहा आठवड्यांतही उद्भवतो, हे घरच्यांना माहीतच नसतं.

आणि मन. पहिल्या आठवड्यात उगाच रडू येतं, ते बहुतेकींचं आपोआप निवळतं. दोन आठवड्यांनंतरही उदास वाटत राहिलं, बाळ झोपलं तरी झोप येत नसेल, बाळाजवळ जावंसं वाटत नसेल, स्वतःला काही करून घ्यावं असे विचार येत असतील, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. भारतातल्या अभ्यासांचा एकत्रित अंदाज सुमारे २२ टक्के मातांना असा त्रास होतो असा आहे, म्हणजे दर पाचांत एक. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ वर दिवसरात्र असते. आजारी बाईला स्वतःचं लवकर कळत नाही, म्हणून हे बघण्याचं काम एकाच माणसावर सोपव. तुझी बहीण असो वा जिवाची मैत्रीण, तिने आठवड्यातून दोनदा फोन करून बाळाचं न विचारता तुझं विचारायचं.

आतापर्यंतचं थोडक्यात: ३२ आठवड्यांपर्यंत निर्णय उघडा, वार वर गेली तर मावशीच्या घरून अंबाजोगाई, नाही तर पुण्यात मोठं हॉस्पिटल, आणि दोन्हीकडे सोबतीची बाई आधीच ठरलेली. आता राहिला तुझा तिसरा प्रश्न, वाकडमध्ये माझं कोणीच नाही.

माहेरी दोन-तीन महिने माणसांच्या गराड्यात काढून बाई शहरातल्या फ्लॅटमध्ये परत येते, नवरा सकाळी निघून जातो, दार बंद होतं, आणि ती व बाळ दिवसभर एकटे. माझ्या वर्गातल्या मुली सगळ्यांत जास्त कोसळतात त्या इथे, बाळंतपणात नाही. त्यामुळे वाकडची माणसं तू माहेरी जाण्याआधी जोडायची. बाळ झाल्यावर जमलेले गट फार टिकत नाहीत, पोटुशी असताना जमलेले टिकतात, कारण रडक्या बाळाला घेऊन अनोळखी दार वाजवायची हिंमत होत नाही, ओळखीचं दार वाजवता येतं.

सुरुवात मदत मागून करू नकोस, माहिती विचारून कर. सोसायटीत जिचं बाळ सहा महिन्यांचं आहे तिला विचार, ‘लस कुठे देता? बालरोगतज्ज्ञ कोण बरे?’ लोकांना सांगायला आवडतं. तपासणीच्या रांगेत शेजारी बसलेल्या, तुझ्याच महिन्यातल्या दोघींचे नंबर घे. मजल्यावर एखाद्या निवृत्त काकू असतील तर त्यांच्याकडे जाऊन बस. तू अंघोळीला गेलीस की वीस मिनिटं बाळ धरणारी बाई ही फार मोठी गोष्ट असते. घरकामाच्या ताईंना आधीच सांगून ठेव की पहिले तीन महिने एक तास जास्त हवा, आणि त्याचे पैसे ठरवून दे. चार जणी जमल्या की आठवड्यातून एक सकाळ एकीच्या घरी. माझ्या वर्गातून निघालेल्या गटांना मी दोन नियम सांगते: विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही, आणि बाळांच्या वजनांची तुलना करायची नाही. चहा यजमानीणबाईने करायचा नाही, ज्या येतील त्यांनी करायचा.

नवऱ्याचंही स्पष्ट ठरव. खासगी नोकरीत वडिलांच्या रजेचा कायदा नाही, केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना १५ दिवस मिळतात, म्हणून त्याने आपली रजा आत्तापासून साठवावी. आणि ती सगळी बाळंतपणाच्या आठवड्यात खर्चू नये. निम्मी तू वाकडला परत येशील त्या दिवसांसाठी ठेवावी. रात्री पाजायला तुलाच उठावं लागेल, पण ढेकर काढणं, लंगोट बदलणं, तुला पाणी आणून देणं त्याचं. येणाऱ्या पाहुण्यांना ‘आज नको, पुढच्या आठवड्यात या’ म्हणणंही त्याचंच. सासूबाईंना वगळल्यासारखं वाटू देऊ नकोस. त्या येऊ शकत नाहीत, पण लाडू साताऱ्याहून येऊ शकतात, आणि सव्वा महिन्यानंतर प्रवास झेपला की बारसं त्यांच्या अंगणात करता येईल.

या आठवड्यात दोन फोन कर: एक मावशीला, एक ऑफिसात रजेचं विचारायला. पुढच्या तपासणीत डॉक्टरांना विचार, वार तोंडापासून नेमकी किती सेंटीमीटरवर आहे आणि ती समोरच्या भिंतीला आहे की मागच्या. ३२ आठवड्यांची सोनोग्राफी झाली की रिपोर्टमधल्या वारेच्या ओळी इथेच जशाच्या तशा लिही, नाव-पत्ता काढून. त्यावरून अंबाजोगाईचा बेत कायम ठेवायचा की पुण्यात नाव घालायचं, हे तुझ्या डॉक्टरांना काय काय विचारून ठरवावं ते मी सांगेन.